फरक कुठपासूनचा

गेल्या रविवारी दादाच्या मुलीचा फोन आला. ती पुण्यातच शिकते, बी. ए.ला, मानसशास्त्र घेऊन. मेसचं जेवण, पाऊस, मैत्रिणीचं लग्न असं इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी सहज विचारलं, पेपर कसे गेले? ती म्हणाली, "बाकीचे छान गेले आत्या. स्टॅट्स पुढच्या सेमला देणार आहे."

आवाज अगदी सरळ होता. हलका. जणू छत्री मैत्रिणीकडे राहिली आहे, उद्या आणीन. त्या हलकेपणानंच माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. २००९ ते २०११ मी तो वापरला आहे. घरी वापरला, वर्गात वापरला, वाड्याच्या मालकीणबाईंपुढे वापरला, आणि रात्री दिवा मालवल्यावर स्वतःशीही वापरला. माझं वाक्य होतं, "एम-थ्री पुढच्या सेमला काढते."

पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंग केलेल्यांना एम-थ्री म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर, एम-वन आणि एम-टू. दुसऱ्या वर्षी तिसरा. मी मेकॅनिकलला होते, आमच्याकडे तो तिसऱ्या सेमिस्टरला यायचा. शंभर मार्कांचा पेपर, पास व्हायला चाळीस, दोन सेक्शन आणि प्रत्येक सेक्शनची उत्तरपत्रिका वेगळी. त्यात डिफरन्शिअल इक्वेशन, लाप्लास, फूरिए, व्हेक्टर, थोडी संख्याशास्त्राची ओळख आणि शेवटी उष्णतेच्या वहनाची समीकरणं. कँटीनमध्ये, बसमध्ये, होस्टेलच्या गच्चीवर एकच प्रश्न ऐकू यायचा: "एम-थ्री निघाला का?" विषय निघतो किंवा उडतो, अशी आमची भाषा होती. विषय कळतो, असं कोणी म्हणायचं नाही.

माझा उडाला. डिसेंबर २००९च्या परीक्षेत २७ पडले.

आता इथे नियम मध्ये येतो, आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एटीकेटी मिळाली की दुसऱ्या वर्षाचे काही विषय राहिलेले असतानाही तिसऱ्या वर्षात बसता येतं. पण चौथ्या वर्षात जायचं तर दुसऱ्या वर्षाचं सगळं सुटलेलं हवं. एकही राहिला तर वर्ष गेलं, त्याला आम्ही वायडी म्हणायचो. परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात उडालेला पेपर द्यायला पुढचा मे, त्यापुढचा डिसेंबर आणि त्यापुढचा मे अशा तीन संध्या उरतात. नियम मला तेव्हाही योग्य वाटायचा, आजही वाटतो. एका वाईट दिवसापायी मुलाचं वर्ष बुडू नये, यात माणुसकी आहे. फक्त त्यातल्या तीनपैकी दोन संध्या मी लपायला वापरल्या.

मे २०१०ला फॉर्म भरला, फी भरली, हॉलतिकीट घेतलं आणि पेपरला गेले नाही. चौथ्या सेमिस्टरचे पेपर आहेत, त्यांच्यावर परिणाम नको, असं कारण होतं. कारण खोटं नव्हतं. टाळणाऱ्या माणसाची कारणं सहसा खोटी नसतात, म्हणून ती इतकी टिकतात. पुण्यात तर कॅलेंडरच असं आहे की कोणतीही गोष्ट पुढं ढकलायला सबळ आणि सुंदर कारण सापडतं. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका, मग गणपती, मग ओरल आणि सबमिशन, मग दिवाळीला गावी जायचं, डिसेंबरात सवाईचं गाणं, फेब्रुवारीत फिरोदिया करंडक, म्हणजे कॉलेजांची कलास्पर्धा. मी आमच्या कॉलेजच्या फिरोदियाच्या टीममध्ये बॅकस्टेजला होते. रात्री दोन-दोनपर्यंत थर्माकोल कापला, रंग लावला, पडद्यामागं दोऱ्या ओढल्या. कोणी मला आळशी म्हटलं असतं तर सगळी टीम धावून आली असती. मी उभं वर्ष राबत होते. दुसऱ्यांच्या ड्रॉइंग शीट पुऱ्या करून देत होते. फक्त एका वहीकडं बघत नव्हते. ती वही कॉटखालच्या पेटीत, स्वेटरच्या खाली होती.

मी मूळची बार्शीची. आण्णा बाजारपेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. ज्वारी, तूर, हरभरा, आवक, काटा, हमाली, तोलाई, हे सगळे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेत. संध्याकाळी दुकान बंद झालं तरी आण्णा लगेच उठायचे नाहीत. रोजमेळ जुळवायचे. कीर्दीतली जमा, नावे, गल्ल्यातली रोकड, सगळं एकमेकांशी बसलं पाहिजे. चार रुपयांचा फरक आला तरी बसून राहायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायचे आणि पोत्यावर बसून वाट बघायचे. एकदा मी म्हटलं, चार रुपये तुम्हीच घाला की खिशातले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पैशाचं नाही गं. आजचा फरक आज सापडतो. उद्या त्याच्यावर दुसरा चढला की मग कुठला कुणाचा ते कळत नाही."

त्या माणसाला मी फोनवर सांगत होते, पेपर बरे गेले.

दोन वर्षं सांगत होते. मार्कलिस्ट घरी नेली नाही. आण्णांनी मागितलीही नाही, कारण मुलगी पुण्यात शिकते आहे आणि ती सांगते आहे, एवढं त्यांना पुरे होतं. आजही मला यातल्या कशाची टोचणी असेल तर ती त्या २७ मार्कांची नाही, त्या "बरे गेले"ची आहे.

डिसेंबर २०१०ची गोष्ट सगळ्यात जास्त आठवते. त्या वेळी मी खरंच द्यायचं ठरवलं होतं. सकाळी उठले, डोक्यावरून न्हाले, दोन पेनं घेतली. कॉलेजच्या बोर्डावर ब्लॉकची यादी लावली होती, त्यात माझा सीट नंबर शोधला. दुसरा मजला. जिना चढले. ब्लॉकच्या दाराशी माझ्या एक वर्ष मागची मुलं उभी होती, पहिल्यांदा एम-थ्री देणारी, एकमेकांना सूत्रं विचारणारी. त्यातली एक मुलगी फिरोदियात माझ्या हाताखाली होती. तिनं मला पाहिलं आणि आनंदानं म्हणाली, "ताई, तू इथं कशी?" तिच्या मनात काही नव्हतं. मी म्हटलं, "अगं, असंच, एकाला भेटायला आले होते." आणि जिना उतरले.

तीन तासांचा पेपर. तेवढ्या आधी खोलीवर परत गेले तर खोलीतली मैत्रीण विचारणार. म्हणून बसनं स्वारगेटला उतरले आणि पर्वती चढले. १०३ पायऱ्या. वर देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिले. थंडीतलं स्वच्छ ऊन होतं. खाली सारसबागेची झाडं, पलीकडं पेठांची कौलं आणि त्यांच्यामधून वर आलेल्या इमारती. दम लागलेले आजोबा येत होते, पायऱ्या पळत चढणारी मुलं घड्याळ लावून वेळ मोजत होती. मी पण वेळ मोजत होते. आता पहिला सेक्शन संपला असेल. आता पुरवण्या मागत असतील. आता दहा मिनिटं उरली. मग उठले, खाली आले, आणि खोलीवर जाऊन म्हटलं, "बरा गेला."

या शहराला गणिताचा मोठा अभिमान आहे, आणि त्यात खोट काही नाही. टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. फर्ग्युसनचेच रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि तिथून परत येऊन इथेच गणित शिकवायला उभे राहिले. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली गणितासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. सदाशिव पेठेत आम्ही ज्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो, तिथल्या मालकीणबाई पंचाहत्तरीच्या होत्या. खोली देताना त्यांनी भाड्याच्याही आधी विचारलं होतं, "बारावीला गणितात किती?" मी ८४ सांगितले आणि त्या प्रसन्न झाल्या. ८४ खरेच होते. अशा गावात, अशा अंगणात, मला साधं इंटिग्रेशन येत नाही हे म्हणायला जीभ वळेना.

कारण खरी गोष्ट तीच होती. मला एम-थ्री येत नव्हतं हे खरं, पण ते फळ होतं. मूळ बरंच खाली होतं.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आण्णांना छातीत दुखायला लागलं. सोलापूरला हलवलं. दादा नोकरीनिमित्त लांब होता, त्याची मुलगी तेव्हा वर्षाची. आई दवाखान्यात आणि मी कधी दवाखान्यात, कधी घरी, कधी एसटीत. दोन महिने असे गेले. परत वर्गात गेले तेव्हा इंटिग्रेशन संपलं होतं. सर म्हणाले, मैत्रिणीची वही घे आणि उतरवून काढ. मी उतरवून काढली. सुवाच्य अक्षरात, चौकटी आखून. निम्मी सूत्रं पाठ केली आणि उरलेलं ऑप्शनला टाकलं. ऑप्शनला टाकणं हा आपल्याकडचा किती सरावाचा शब्द आहे! आठवीपासून पोरं तो वापरतात, शिक्षकही वापरतात. आठपैकी पाच सोडवायचे असतात, मग तीन सोडायचे कोणते ते आधी ठरवायचं. मी पार्शल फ्रॅक्शन सोडलं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स सोडलं, ८४ मिळवले आणि पुण्याला आले. परीक्षेनं माझ्याबद्दल खोटं सांगितलं आणि मला ते सोयीचं होतं.

पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू पाठांतरावर निघाले, चाळीस-बेचाळीस मार्कांच्या काठाकाठानं. दुसऱ्या वर्षी काठ संपला. लाप्लासची युक्ती अशी आहे की अवघड डिफरन्शिअल इक्वेशन उचलून दुसऱ्या जागी न्यायचं, तिथं ते साध्या बीजगणितासारखं होतं, सोडवायचं, आणि उत्तर परत आपल्या जागी आणायचं. न्यायला मला यायचं. परत आणायला पार्शल फ्रॅक्शन लागतं, म्हणजे एका मोठ्या अपूर्णांकाचे साधे तुकडे करणं. दर वेळी मी तिथं येऊन थांबायचे. पहिल्या परीक्षेआधी पंधरा दिवसांचा एक क्रॅश कोर्सही लावला होता. तिथं हमखास येणारे प्रश्न आणि ते ओळखायच्या खुणा शिकवल्या. त्या पायरीवर शिकवणारे म्हणायचे, "आता इथं पार्शल फ्रॅक्शन करा, ते तुम्हाला येतंच," आणि फळा पुसायचे. वर्गात दीडशे मुलं होती. त्यातल्या किती जणांनी माझ्यासारखी मान हलवली असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

आणि विद्यापीठाच्या कागदावर काय आलं? २७. दुसऱ्या खेपेला गैरहजर. तिसऱ्या खेपेला गैरहजर. त्या कागदाला कुठं अडलं हे विचारायची सोयच नाही. मुलाला येत नाही एवढंच तो सांगतो, आणि ते मुलाला आधीच माहीत असतं. मला याचा राग येतो. अजून येतो.

मार्च २०११मध्ये एका रात्री वीज गेली. खोलीत आम्ही दोघीच होतो. मैत्रीण सीएची परीक्षा देत होती, शाळेनंतर गणिताशी तिचा संबंध उरला नव्हता. मेणबत्ती लावून ती तिचं कॉस्टिंग करत बसली आणि मी नुसती बसले होते. ती म्हणाली, "तुझा पण एक राहिलाय ना गं?" मी दचकले. तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "दाखव तरी काय असतं त्यात."

पेटी उघडली. स्वेटरखालून वही काढली. तिला दाखवलं: एक भागिले, कंसात एस अधिक एक, कंसात एस अधिक दोन. म्हटलं, याचे दोन तुकडे करायचे असतात. ती म्हणाली, कसे? आणि अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात, ज्या बाईला लाप्लास कोण हेही ठाऊक नव्हतं तिच्यापुढे, मी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, "मला येत नाही."

तिनं थोडा विचार केला. "एसच्या जागी एक ठेवला तर? खाली दोन गुणिले तीन. म्हणजे एक सहांश." मग तिच्या कॉस्टिंगच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, अर्ध्यातून एक तृतीयांश वजा केले की एक सहांश. "हेच का तुकडे?"

मी त्या कागदाकडं बघत राहिले. एक भागिले एस अधिक एक, वजा एक भागिले एस अधिक दोन. एसच्या जागी काहीही ठेवा. दोन ठेवला तर एक तृतीयांश वजा एक चतुर्थांश, म्हणजे एक बारांश. आणि खाली तीन गुणिले चार, बाराच. इतकंच होतं ते. पाचवी-सहावीतले अपूर्णांक उलट्या दिशेनं. सोपं वाटलं म्हणून मला रडू आलं नाही. इतकं जवळ होतं म्हणून आलं. मैत्रीण म्हणाली, "मग बारावीचं पुस्तक आण की. लाज कसली?" आणि परत तिच्या ओव्हरहेडकडं वळली.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात गेले. तिथं पाठ्यपुस्तकांच्या ढिगातून राज्य मंडळाचं बारावीचं गणित काढलं, जुनं, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणांचं. दुकानदारानं विचारलं, धाकट्या भावाला का? मी म्हटलं, "नाही, मला." हे दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्याइतकं जड गेलं नाही.

अकरा संध्याकाळी लागल्या. मी वहीवर तारखा घातल्या होत्या, म्हणून आकडा पक्का आहे. बारावीचं इंटिग्रेशन पहिल्या उदाहरणापासून, पुस्तकातलं एकही न सोडता, अकरा संध्याकाळी. साडेतीन वर्षं मी ज्याला वळसा घालून चालले होते ते एवढंच होतं. दरम्यान सेकंड इयरला शिकवणाऱ्या सरांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि त्यांच्या वर्गात बसू का विचारलं. त्यांनी वर पाहिलं, "अडतं कुठं?" असं काही विचारलं नाही, पण "ये" म्हणाले. मग मी ज्युनिअर मुलांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायला लागले. फिरोदियातली ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचाही डिसेंबरात उडाला होता.

२ एप्रिलला वर्ल्ड कपची फायनल होती. खालच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या टीव्हीपुढं सगळा वाडा जमला होता. मी नवव्या संध्याकाळवर होते. थोडा वेळ खाली, थोडा वेळ वर असं करत बाय पार्ट्सची गणितं सोडवली. धोनीनं षटकार मारला तेव्हा मी जिन्यात होते, हातात वही होती, आणि पेठेतून जो आवाज उठला तो अजून कानात आहे. सगळी पोरं फर्ग्युसन रोडकडं निघाली. आम्ही दोघीही गेलो. पहाटे परत आलो. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता आणि मी अभ्यासासाठी घरी जाणार नव्हते, त्याचं कारण आण्णांना सांगायचं होतं.

पाडव्याच्या सकाळी फोन केला. नागनाथ पाराजवळ उभी होते, दारोदार गुढ्या उभ्या होत्या. आईशी बोलले, मग म्हटलं, आण्णांना दे.

"आण्णा, माझं गणित राहिलंय."

पलीकडं काही नाही.

"दुसऱ्या वर्षाचं. दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही तुम्हाला. मेमध्ये नाही निघालं तर वर्ष जाईल."

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याहून जास्त, त्यांच्या गप्प होण्याची. आण्णांनी विचारलं, "कुठपासनं?"

मला कळलं नाही. म्हटलं, काय कुठपासनं?

"फरक कुठपासनंचाय? कुठवर मेळ बसतोय तुझा?"

दिवाणजीचा प्रश्न होता. कोणाची चूक, का लपवलंस, आता कसं, यातलं काहीच नाही. कीर्दीचं कुठलं पान अजून बरोबर आहे, एवढंच. या दोन वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं, मीही नाही. मी उत्तर दिलं आणि देतानाच कळलं की हे त्यांना लागणार आहे. "बारावीच्या दिवाळीपर्यंत बसतोय. तुम्ही दवाखान्यात होतात, तिथपासून नाही."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "मग तिथनंच धर." आणि थोडं थांबून, "श्रीखंड आणून खा मैत्रिणीला घेऊन. उपाशी बसू नको."

त्या उन्हाळ्यात आमची खोली रात्री तापायची. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, फूटभर जाड. दुपारी चारला ऊन भिंतीवर असायचं तेव्हा आत बरं वाटायचं. रात्री बारा-एकला पाठ टेकवली की भिंत कोमट लागायची. दोन उन्हाळे मी त्या भिंतीला पाठ लावून झोपले आणि मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी उष्णतावहनाच्या युनिटला पोचले तेव्हा वाटलं. समीकरण दिसायला लहानसं आहे. एखाद्या जागचं तापमान किती वेगानं बदलेल, हे तिथला तापमानाचा आलेख किती वाकलेला आहे त्यावर ठरतं. त्यावरून निघतं की भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दिवसभराचा जो चढउतार होतो, तो आत शिरताना थरागणिक उशिरा होत जातो आणि थरागणिक मंदावत जातो. माती हीच गोष्ट वर्षाच्या मापानं करते; काही मीटर खोल गेलं की उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यात पोचते. मी उठून भिंतीला हात लावला. दुपारचे चार वाजले होते, भिंत गार होती. रात्री पुन्हा लावला. मग मैत्रिणीला उठवून तिचाही हात लावला, ती बिचारी झोपेत "हो हो" म्हणाली.

पुढं नोकरीत, चार पैसे हाती आल्यावर, मी फूरिएबद्दल वाचलं. हा माणूस नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला, नंतर ग्रेनोबलला प्रशासक म्हणून राहिलेला, आणि कारभार सांभाळता सांभाळता उष्णता कशी वाहते ते शोधणारा. १८०७ साली त्यानं पॅरिसच्या विद्वानांपुढं निबंध ठेवला. लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञाला तो पटला नाही; कुठलाही चढउतार साइन-कोसाइनच्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येईल हे त्याला मान्य होईना. पुढं त्या कामाला बक्षीस मिळालं, तेही काटेकोरपणा कमी पडतो असा शेरा मारून. पुस्तक निघालं १८२२ला. मधल्या पंधरा वर्षांत त्यानं ते लपवलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. अपुरं आहे असं लोक म्हणत असताना तो ते घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, पुन्हा पुन्हा.

मेमध्ये पेपर दिला. त्याच जिन्यानं दुसरा मजला. पहिल्या सेक्शनमध्ये तुकडे करायचं गणित होतं, खालचे कंस वेगळे. ते सोडवताना समासात बारीक अक्षरात अर्धा वजा तृतीयांश लिहिलं आणि मग खोडलं. ६१ पडले. मैत्रिणीचं कॉस्टिंग त्या खेपेला राहिलं, पुढच्या खेपेला सुटलं. मार्कलिस्ट घेऊन बार्शीला गेले तेव्हा आण्णांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. २७ची जुनीही मागितली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, घडी घातली आणि त्यांच्या कपाटात ठेवल्या, जिथं घराची कागदपत्रं असतात.

मी आज कारखान्यांसाठी भट्ट्यांच्या अस्तराचं काम करते. किती जाडीची वीट घातली म्हणजे बाहेरचा पत्रा किती तापेल, हे रोजचं गणित. संगणक सोडवतो, पण समीकरण तेच आहे. कधी कधी कामावर नवीन मुलं येतात आणि मीटिंगमध्ये मान हलवतात. ती मान मला ओळखू येते. अशा मुलाला मी नंतर एकट्याला चहाला घेऊन जाते आणि आण्णांचा प्रश्न विचारते. काही जण सांगतात. काही जण नाही सांगत, "आहे सर्व क्लिअर मॅडम" म्हणतात, आणि मी आग्रह करत नाही, कारण जिन्यावरची मी आठवते. तेव्हा मलाही कुणी विचारलं असतं तर मी "असंच, एकाला भेटायला" हेच म्हटलं असतं.

रविवारी फोनवर हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं, आणि पोरगी पलीकडं बोलतच होती. की स्टॅट्सच्या मॅडम फार फास्ट शिकवतात, की मानसशास्त्राला गणित कशाला हवं, की पुढच्या सेमला विषय कमी आहेत, वेळ मिळेल. सगळं खरं असणार. मी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठपासनं गं?"

"काय कुठपासनं?"

"कुठपर्यंत कळतंय तुला? शेवटचं कळलेलं काय?"

ती थांबली. मागं होस्टेलच्या कॉरिडॉरमधला गलका ऐकू येत होता, कुणीतरी बादली ओढत होतं. मला वाटलं आता ती "नाही गं, सगळंच येतंय तसं" म्हणेल आणि विषय बदलेल. मीही काही बोलले नाही.

"आत्या," ती म्हणाली, आणि आवाज आता हलका नव्हता, "एक मिनिट थांब हं. दार लावून घेते."